कोणत्या डेपोचे वाहक?

कर्करोगाविरुद्ध मानवजातीने पुकारलेल्या लढ्यातलं एक निर्णायक पाऊल सुरतेत पडलं. निदान संगमरवरी पाटीवर तसं कोरलेलं होतं. पाटीच्या मागे एका धर्मादाय रुग्णालयाच्या दोन खोल्या होत्या. तिथे एक फ्रीज होता, पेशी वाढवायची एक उबदार पेटी होती आणि मी होतो. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी निर्जंतुक खोलीत उदबत्ती लावली आणि नारळ फोडला. पाणी जिथे सांडलं तिथे पुढे बरेच दिवस बुरशी येत राहिली. मानवजातीच्या वतीने ती मी पुसली.

काम असं होतं. उंदरांच्या एका विषाणूची स्वतःची जनुकं काढून टाकायची आणि त्या जागी कर्करोगाशी संबंधित एक जनुक भरायचं. असा विषाणू पेशीत शिरतो, आणलेलं जनुक तिथे ठेवतो आणि संपतो. त्याला पिल्लं होत नाहीत, बाहेरही पडता येत नाही. मग पेशी बिघडते का ते बघायचं. निरोगी पेशी शेजारणीला टेकली की वाढायची थांबते. बिघडलेली थांबत नाही. अशा पेशी एकीवर एक चढून ढीग करतात. ढीग दिसले, म्हणजे जनुक पोचलं. अशा विषाणूला इंग्रजीत व्हेक्टर म्हणतात, मराठीत वाहक.

हा मराठी शब्द मी भाषाप्रेमातून वापरला नाही. प्लेग नुकताच येऊन गेला होता. मिळेल त्या गाडीने अर्धी वस्ती पळून गेलेल्या गावात ‘मी विषाणू पाळतो’ असं सांगणाऱ्याला भाड्याने खोली मिळत नाही. सुरतेच्या गोडादरा भागात मला खोली देणाऱ्या काकी धुळ्याकडच्या होत्या. काका पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये होते. मिलमध्ये जो रंग चालू असेल त्या रंगाचे त्यांचे पाय असत.

“काय काम करतोस रे भाऊ?” काकींनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“वाहकाचं,” मी म्हणालो.

काकींचा चेहरा उजळला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, हे मला बरंच वाटलं.

मी मराठवाड्यातला. सुरतेत माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. रविवारीसुद्धा मी प्रयोगशाळेत जाऊन पेशींचं खाणं बदलून यायचो. त्या बोलत नसत, पण माझी वाट बघत असाव्यात, असं मानायला हरकत नव्हती. येताना हातगाडीवर लोचो हा वाफवलेला सुरती फराळ खायचा आणि खोलीत येऊन वाचत पडायचं. सोमवारी तोंड उघडलं की कधी कधी आपलाच आवाज पाहुण्यासारखा वाटायचा. म्हणून काकी एकदा म्हणाल्या, “मन्ही मावसबहिणनी पोर शे. शाळेत शिकवते. बघतोस का?” तेव्हा एरवी कशावरही विश्वास न ठेवणारा मी लगेच हो म्हणालो.

मुलीच्या घरी बोलणी मामांच्या हातात होती.

“कोणत्या डेपोला?” मामांनी सुरुवात केली.

“डेपो?”

“यष्टीचा हो. नवापूर की नंदुरबार? सुरत गाडीलाच असाल ना?”

मी काकींकडे पाहिलं. काकी माझ्याकडे अभिमानाने बघत होत्या. यष्टीत कंडक्टरच्या जागेपाशी ‘वाहक’ असं रंगवलेलं असतं, ते मला तेव्हा आठवलं. मग मी खरं काय ते सगळं सांगितलं.

“म्हणजे कायम नाही?” मामा म्हणाले.

“नाही. दर वर्षी मुदत वाढवतात. वाढवली तर.”

“आणि तो तुमचा वाहक नेऊन पोचवतो काय?”

“कर्करोगाचं जनुक.”

“कुणाला?”

“उंदराच्या पेशींना.”

“त्या आधीच आजारी असतात?”

“नाही. चांगल्या असतात.”

मामांनी कप खाली ठेवला. “चांगल्या जिवाला कॅन्सर करायचा पगार मिळतो?”

“पगार नाही, विद्यावेतन,” मी म्हणालो. नेमकेपणाने कुणाचं लग्न जमल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तरी मी आणखी खुलासा केला, की घाबरायचं कारण नाही, हा विषाणू पसरत नाही, त्याला पिल्लंच होत नाहीत.

“त्याले नई व्हतीन,” काकी घाईने म्हणाल्या, “पन याले व्हतीन!”

खोलीत एकच माणूस हसलं. दाराशी उभी असलेली मुलगी. मग तिने विचारलं, “ते ढीग डोळ्यांनी दिसतात?”

“रंग दिला की दिसतात.”

“मग झाले की दाखवा.”

“कळवतो,” मामा म्हणाले.

‘कळवतो’चा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो. मला तो कळला, पण मी तिचं वाक्य धरून बसलो. त्या खेपेला पेशींची मी जितकी बडदास्त ठेवली तितकी ना आधी ठेवली होती, ना नंतर ठेवली. वीज गेली की पेटीला रजई गुंडाळायचो. पेटीत सोडायचा कार्बन डायऑक्साइड संपला तेव्हा सोडावॉटरवाल्याकडून सिलिंडर आणला. मनात मात्र एकच हिशोब: ढीग झाले, तर तिच्या घरी पुन्हा जायला कारण मिळेल.

ढीग झाले. सूक्ष्मदर्शकातून मी ते कितीतरी वेळ बघत राहिलो, मग मागे वळून पाहिलं. सांगण्यासारखं जवळपास कुणी नव्हतं. पेशी मारून, जांभळा रंग देऊन, धुऊन मी ती प्लास्टिकची बशी वाळवली. आता ती निरुपद्रवी होती. रुमालात गुंडाळून घरी आणली.

काका दारात पाय धूत होते. पाय त्या दिवसांत जांभळेच होते. त्यांनी बशी उजेडाकडे धरली.

“रंग बसलाय,” ते म्हणाले. “पण डाग पडलेत.”

“डागच हवे होते, काका.”

“मग असा माल घेतं कोण?”

मी काकींना म्हटलं, की ही बशी त्या मुलीला दाखवायची आहे, केव्हा जाऊया? काकींनी पदराला हात पुसले आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

“तिनं लगीन जमी गयं रे भाऊ.”

“कोणाशी?”

“वाहक शे,” काकी जपून म्हणाल्या. “नवापूर डेपोना. कायम.”

पुढच्या वर्षी माझी मुदत वाढवली नाही. ती बशी मी जिथे जिथे राहिलो तिथे खिडकीत ठेवली. रंग पक्का निघाला. सुरतेत मानवजातीच्या लढ्याची पाटी अजून जागेवर आहे. आतल्या खोलीत रुग्णवाहिकेचा चालक दुपारी झोपतो.