गावानं जपलेलं हृदय

माझ्या नवऱ्याला अटॅक आला, सुरतेला नेऊन स्टेंट टाकला, आणि घरी आणल्यावर गावानं यांना जपायला घेतलं. आमचं घर तापीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे गावातली प्रत्येक अंत्ययात्रा दारावरून जायची. ती आता मागच्या गोठ्यांच्या बोळातून जायला लागली. हार्टवाल्याला मयत दिसू नये, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना पटलं. दिरानं यांचा मोबाईल काढून घेतला, कारण गावच्या ग्रुपवर उठल्यापासून श्रद्धांजलीचे फोटो. बैल मेला तेही चोरून, आत्याबाई पडल्या तेही चोरून. हे खाटेवर पडून प्रत्येकाचा चेहरा वाचत बसायचे. रस्ता जरा शांत वाटला तरी, कुणी गेलं असेल म्हणून, छातीवर हात जायचा, घाम फुटायचा, आणि आम्ही पळत सुटायचो.

शहाद्याचे हृदयाचे डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, भीती ठीक नाही. त्यांच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा समुपदेशनाच्या एक बाई यायच्या. दीर लगेच तडकला, "मन्हा भाऊ काय याडा शे का?" मी म्हटलं, वेडे आपण आहोत, आपल्यासाठीच चला.

बाई साधं बोलायच्या. खरं दुखणं कसं असतं, तेव्हा कोणती गोळी जिभेखाली ठेवायची, हे आधी नीट समजावलं. मग यांना म्हणाल्या, "नुसतं धडधडलं की लगेच आडवे होता ना? आता थांबायचं, श्वास सावकाश सोडायचा आणि पुन्हा चालायला लागायचं." आम्हाला म्हणाल्या, यांच्यापासून काही लपवू नका, लपवलं की माणूस त्याहून वाईट ते मनात धरतो. दीर जोरजोरात मान डोलावत होता. बाहेर आल्यावर मला विचारतो, "गोळी नही दिनी का त्यास्नी?"

शेजारच्या मळ्यातला यांचा मित्र, त्यालाही सुरतेलाच स्टेंट टाकलेला. दोघांनी मिळून चाला, असं बाईंनीच सुचवलं. तो तोंडाचा भारी फटकळ. स्टेंटला स्प्रिंग म्हणायचा. हे मध्येच थांबून छाती चाचपायला लागले की म्हणायचा, "मन्ही स्प्रिंग तुन्हापेक्षा जुनी शे, चाल." हे आधी ओट्यापर्यंत गेले, मग केळीच्या बांधापर्यंत, मग पार नदीपर्यंत. एकदा ठिबकची नळी फुटली म्हणून दिरावर असे ओरडले की मी आत जाऊन रडले. मला माझा नवरा परत मिळाला होता.

त्या भरवशावर मी भाचीच्या साखरपुड्याला माहेरी गेले, अटॅकनंतर पहिल्यांदाच यांना सोडून. तिथेच कळलं, मित्र गेला. अंधारात मोटारसायकलवरून येताना उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. मी तशीच एस.टी.त बसले.

तोवर गावानं आपलं काम उरकलं होतं. मयत बोळातून नेली, आणि यांना सांगितलं, तो मुलीकडे बडोद्याला गेलाय. पण भरदुपारी दीर अंगणातल्या टाकीवर कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेत होता. मसणातून आल्यावर आमच्यात अशी आंघोळ करूनच घरात शिरतात. हे खाटेवरून बघत होते. एवढं लपवणाऱ्याला एवढंही सुचलं नाही!

मी चपला काढायच्या आत यांनी विचारलं, "कोन गया?"

दीर मागून डोळ्यांनी नको नको म्हणत होता. मी सांगितलं. ट्रॉली, दिवा, सगळं सांगितलं.

हे खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "ट्रॉली व्हती तं माले कसाले नही सांगं?"

हे दिराकडे बघून म्हणाले, "त्यानी स्प्रिंग गई. तुमी माले ट्रॉली सांगी ऱ्हायनात."

दुसऱ्या दिवशी मी पेपरातली बातमी आणून दाखवली. म्हणाले, पेपरवाला दिराच्या ओळखीचा आहे. मित्राच्या कर्त्या मुलाला बोलावलं, तो बोलता बोलता हुंदके द्यायला लागला, तर म्हणाले, त्यालाही तुम्हीच पढवून आणलंत. मग डोळे मिटून घेतले आणि, दवाखान्याचा रिपोर्ट मीच वाचून दाखवायची म्हणून, मला विचारलं, "मन्हा रिपोट बी तुमी असाच वाचा ना?"

त्या दिवशी मी रस्त्यावर उभी राहून सगळ्या गावाला नाही नाही ते बोलले. बायका म्हणाल्या, हिचं डोकं फिरलं. कुणीही वाईट मनानं काही केलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता. भांडायला समोर शत्रू तरी हवा.

बाई शहाद्याहून मुद्दाम घरी आल्या. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाई बराच वेळ खाटेशी बसल्या. निघताना म्हणाल्या, विश्वास पुन्हा बसायला वेळ लागेल. पण त्यांचाही आवाज पडला होता.

आता यांना संडासलाही दीर धरून नेतो. पाय वाळलेत. डॉक्टर म्हणतात, हृदय छान चाललंय, पण माणूस असाच पडून राहिला तर तेही फार काळ साथ देणार नाही. मी रोज सकाळी चहा देताना सांगते, रिपोर्ट चांगला आहे. हे कप हातात घेतात आणि माझ्याकडे मायेनं बघतात. मरणाऱ्याची समजूत घालणाऱ्या बायकोला वाईट वाटू नये, अशी ती माया असते.

"हां," म्हणतात, "चांगला शे."