तोंड तिचं, आवाज दुसरीचा

आवाज स्वच्छ होता. हे आधी नोंदवून ठेवतो, कारण कळमनुरीच्या एका मंगल कार्यालयात, भरल्या सभेत, माइक हातात धरून याच्या बरोबर उलट सांगितलं गेलं.

मी चित्रपटांचं ध्वनिसंकलन करतो. शूटिंगच्या वेळी टिपलेले संवाद निवडायचे, साफ करायचे, चित्राला जोडायचे, असं ते काम आहे. कधी संगीतही करतो. सुरुवात हिंगोलीत झाली, एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत. तिथे आम्ही लग्नाची, देवीची, जयंतीची आणि निवडणुकीची गाणी करायचो. ताल कीबोर्डवर बसवायचा, गायकाला दुपारी बोलवायचं, आणि संध्याकाळी तेच गाणं मिरवणुकीत वाजताना ऐकायचं. पुढे मुंबईत एका वृत्तवाहिनीत ध्वनीच्या टेबलावर नोकरी लागली. त्या टेबलाचा नियम साधा होता. माणसाचं वाक्य वेळ नसेल तर कापता येतं, पण त्याच्या तोंडी दुसऱ्याचं वाक्य घालता येत नाही. घातलं तर नोकरी जाते. चित्रपटात आल्यावर कळलं की इथे नेमक्या त्याच कामासाठी वेगळी खोली बांधलेली असते, आणि तिला एसी असतो.

हा चित्रपट हिंगोलीकडच्या एका आईचा होता. मुलगा शहरात कामाला जातो, त्याचे फोन हळूहळू कमी होतात, एवढीच गोष्ट. मी तिकडचाच म्हणून दिग्दर्शकाने मला बरोबर घेतलं. ध्वनी आणि संगीत दोन्ही माझ्याकडे दिलं. आईच्या कामासाठी शहरातल्या नट्या बघून झाल्या होत्या. मग आम्ही कळमनुरीच्या आठवडी बाजारात गेलो आणि तिथे ती बसलेली होती. डोंगरकड्याकडच्या एका गावची, पन्नाशी ओलांडलेली, पुढे हिरव्या मिरच्यांचा ढीग. दिग्दर्शक म्हणाला, "चेहरा बघ काय आहे!" मी तिचा आवाज ऐकत होतो. कापड बाजाराच्या टोकाला उभं राहिलं तरी तो ऐकू येत होता आणि तरी ती ओरडते आहे असं वाटत नव्हतं.

ती तयार झाली, पण एका अटीवर. "बोलणं माझं मी बोलीन. लिवलेलं मला पाठ होत न्हाई."

दिग्दर्शकाने मान हलवली. तुमचंच बोलणं हवंय मावशी, म्हणाला. हे वाक्यही मी नोंदवून ठेवलं आहे.

पुढच्या बाजाराला तिच्या आजूबाजूच्या बायकांनी तिला सुखाने बसू दिलं नाही.

"आता मिरच्या इकतीस का हिरॉईन झालीस?"

"आमाला वळख तरी देशील का व?"

"वळख देईन," ती म्हणाली, "पण मिरची निवडून घेऊ देणार न्हाई."

चित्रपटाचा जीव एका प्रसंगात होता. आई शेजाऱ्याच्या ओसरीत उभी राहून मुलाशी फोनवर बोलते. अशा वेळी नटाच्या हातात बंद फोन देतात आणि तो ऐकल्याचं नाटक करतो. मी खरा फोन लावला. भिंतीमागे बसून मुलाची वाक्यं मी बोललो. तिने बोलताना फोन तोंडासमोर धरला, ऐकताना कानाला लावला. इकडच्या बहुतेक बायका असाच फोन धरतात. दोन्हीच्या मध्ये हाताच्या हालचालीपुरता एक थांबा पडायचा. त्या थांब्यात तिच्या बांगड्या वाजायच्या.

"काहून बापा, फोन न्हाई केलास?"

मी म्हणालो, काम होतं.

"बरं. काय करून राहिलास आता? जेवलास का?"

मी म्हणालो, जेवतो आता.

"कायचं कालवण हाय?"

याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. मी गप्प राहिलो. ती थांबली. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. ठेवू का?" आणि लगेच, "न्हाई, तू ठेव आधी."

मी फोन ठेवला. तिने तो कानाला तसाच धरून ठेवला. दूर कुठे हळद पॉलिश करायचा ड्रम फिरत होता, तोही त्यात आला आहे. तो काढायची गरज नव्हती, कारण गाव तसंच वाजतं. या प्रसंगाला मी संगीत दिलं नाही. ती गप्प राहिली तिथे वाजवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

मुंबईत संकलन सुरू झालं आणि दिग्दर्शक अस्वस्थ व्हायला लागला. कोणाकोणाला दाखवून आला होता. म्हणाला, "लोकांना ती गावातली वाटत नाहीये."

"ती गावातलीच आहे."

"तसं नाही रे. प्रेक्षकाला गाव म्हटलं की एक कान असतो. हे 'काहून', 'करून राहिलास', हे कुठलं आहे तेच कळत नाही."

"हिंगोलीचं आहे. चित्रपट हिंगोलीत घडतो."

"तुला हिंगोली माहितीय. प्रेक्षकाला गाव माहितीय."

त्याने एका अनुभवी नटीला डबिंगला बोलावलं. फक्त पर्याय म्हणून हाताशी ठेवू, असं मला सांगितलं. मी त्या दिवशी हजर होतो. नटी हुशार होती. आधी मूळ आवाज ऐकवा म्हणाली. फोनचा प्रसंग तिने कानाला हेडफोन लावून पूर्ण ऐकला, मग काचेपलीकडून विचारलं, "या बाईंचं उत्तम आहे की. मला कशाला बोलावलंत?"

दिग्दर्शक म्हणाला, "थोडं भावनेत हवंय."

मग तिने त्याला हवं तसं दिलं. मालिकांमधल्या सगळ्या गावांत बोलतात ते बोलणं. ते गाव कोणत्याही जिल्ह्यात नाही. "आरं लेकरा, या आईला इसरलास व्हय रं?" मावशी गप्प राहिली होती तिथे हुंदका आला. नटीने एक हुंदका दिला, दिग्दर्शकाने आणखी एक मागितला.

मी दोन्ही आवाज वेगवेगळे ठेवून दिले. मुख्य म्हणून मावशीचा, पर्याय म्हणून दुसरा, असं स्पष्ट सांगून पुढे सोपवले. शेवटच्या मिश्रणाला, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवतात तेव्हा, मी येतो म्हटलं. तारीख कळवू म्हणाले. कळवली नाही.

पहिला खेळ गावाला मान म्हणून कळमनुरीत ठेवला, दुपारी, मंगल कार्यालयात. खिडक्यांना मंडपाचं कापड लावून अंधार केला होता. मावशी बाजारातल्या बायकांना जीपमध्ये घालून घेऊन आली होती. नवं लुगडं, केसाला तेल. पहिल्या रांगेत बसली.

पडद्यावर तिने तोंड उघडलं आणि दुसरीचा आवाज आला.

बायकांना आधी वाटलं, काहीतरी बिघडलं आहे. एकीने मागे वळून हाक मारली, "ओ मशीनवाले, आवाज दुसरीकडचाच लागलाय बघा!"

"हिला तवा सर्दी झालती का व?"

"सर्दी नव्हती," मावशी म्हणाली. "गप बसा जरा."

मशीन ठीक होती, हे तिथे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. फोनचा प्रसंग आला. बासरी सुरू झाली. गाव दिसलं की बासरी, हा या धंद्यातला कायदा आहे, तो कोणी केला माहीत नाही. माझ्या नावाखाली ती बासरी वाजत होती आणि ती मी वाजवलेली नव्हती. हळदीचा ड्रम गेला होता. बांगड्या गेल्या होत्या. दोन हुंदके आले. मावशी खुर्चीतून पुढे सरकली आणि आपलं वाक्य स्वतःच बोलायला लागली. पण तिचा थांबा कापून टाकलेला होता. ती "तू ठेव" म्हणेपर्यंत पडद्यावरचं तिचं तोंड मिटलेलं होतं. मागून कोणीतरी हसलं. ती पुन्हा खुर्चीला टेकली.

खेळ संपल्यावर सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. मावशीला वर बोलावलं. ती गेली, पण शालीसाठी खांदा पुढे केला नाही.

"माझं बोलणं कुठं हाय?"

दिग्दर्शकाच्या हातात माइक होता. तो हसला आणि सभेला म्हणाला, "मावशींचाच आवाज ठेवायची आमची फार इच्छा होती. पण गावात गोंगाट फार. रेकॉर्डिंग स्वच्छ आलं नाही. नाइलाज झाला."

टाळ्या वाजवणाऱ्यांनी माना डोलावल्या. गावात गोंगाट असतो, हे गावालाही पटलं.

तोवर मी गप्प होतो. त्याने तिचा आवाज काढला होता, माझं संगीत बदललं होतं, मला तारीख कळवली नव्हती. या सगळ्यावर वाद घालता आला असता आणि तो म्हणाला असता, चित्रपट माझा आहे. पण आता तो तिला तिच्या माणसांसमोर सांगत होता की दोष तिच्या गावाचा आहे. मी पुढे गेलो, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि स्पीकरच्या माणसाला वायर मागितली. दिग्दर्शक हळू आवाजात म्हणाला, "इथे नको." मी माइक मागितला नाही. फोनचा प्रसंग लावला, नुसता आवाज.

ड्रम फिरत होता. बांगड्या वाजल्या. "काहून बापा, फोन न्हाई केलास?" दिवे लागलेले होते, पडदा पांढरा होता आणि सगळे स्पीकरकडे बघत होते. कालवणाचं विचारून ती थांबली, आणि तो थांबा त्या हॉलमध्ये पूर्ण लांबीचा गेला. "न्हाई, तू ठेव आधी." मग नुसता ड्रम.

पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "कालवण कायचं ते सांगितलंच न्हाई मेल्यानं."

मावशी दिग्दर्शकाकडे वळली. आवाज अजिबात चढवला नाही, पण मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला.

"बराबर हाय तर. आवाज चालत न्हाई ना माझा? मग तोंड बी काढून टाका."

नारळ टेबलावर ठेवून ती खाली उतरली. बायका तिच्या मागोमाग उठल्या आणि पहिली रांग रिकामी झाली.

मुंबईला आल्यावर तिची मागणी मी दिग्दर्शकाला लिहून कळवली. एकतर आवाज परत लावा, नाहीतर तोंड काढा. माझं नावही काढा, असं खाली जोडलं. मूळ आवाज माझ्याकडे आहे, मिश्रण पुन्हा करायला मी विनामोबदला येतो, हेही लिहिलं. चित्रपट दुसरीच्या आवाजातच पुढे गेला. माझं नावही तसंच राहिलं. परीक्षणांत आईच्या भूमिकेचं कौतुक झालं. एकाने लिहिलं की या अनामिक गृहिणीच्या आवाजात मातीचा अस्सल ओलावा आहे. ती गृहिणी नव्हती, मिरच्या विकणारी होती. आवाज तिचा नव्हता. अस्सल काय होतं, ते त्याने लिहिलं नाही.

काही महिन्यांनी दिग्दर्शकाचा फोन आला. झालं गेलं विसरून जाऊ म्हणाला. नवी कथा तयार होती आणि तिच्यात मावशीसाठी मोठी भूमिका होती.

"यावेळी काही प्रश्नच येणार नाही," तो म्हणाला. "बाई मुकी आहे. चेहऱ्यावर सगळं. तू तिला विचारशील का? तुझं ऐकेल ती."

त्याला गंमत करायची नव्हती. तो मनापासून बोलत होता.

मी म्हणालो, "मी विचारणार नाही. तू ये. बाजाराच्या दिवशी ये, ती बसते तिथे समोर उभा राहा, आणि हेच तिला सगळ्यांसमोर मोठ्याने सांग."

"अरे, तू अजून चिडलेलाच आहेस."

"हो," मी म्हणालो आणि फोन आधी ठेवला.