ज्याची बारी, त्याचा शब्द

"आज बारी कोनाची?"

सकाळी ऑफिसच्या दाराशी चपला काढता काढता आमचे सर हे विचारायचे. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून तेव्हा चपला बाहेर काढायची पद्धत होती. आता, 'कोणाची' म्हणणं सरांना जमत नव्हतं असं नाही. ग्राहकांशी ते अगदी छापील बोलायचे. पण घरच्या माणसांत त्यांची जीभ खाडीकाठच्या त्यांच्या गावी परत जायची, आणि आम्ही त्यांच्या लेखी घरचेच होतो.

उत्तर मिळालं की ज्याची बारी असेल त्याच्या टेबलासमोर जाऊन ते उभे राहायचे आणि विचारायचे, "सांग, मी काय करू?" कंपनी त्यांची स्वतःची होती, बरं का. मालकाने नोकरासमोर असं उभं राहिलेलं तुम्ही कुठे पाहिलंय का? मी नव्हतं पाहिलं. पहिल्या आठवड्यात तर मला वाटलं, या माणसाच्या डोक्यात थोडा फरक असावा.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. वसई पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर आमचा गाळा. खाली प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या, वर आम्ही पतपेढ्यांची आणि गोदामांची सॉफ्टवेअर बनवायचो. प्रोग्रॅम लिहायचं काम सरांचं, ग्राहक आणायचं काम त्यांच्या कॉलेजमधल्या मित्राचं. त्या मित्राला आम्ही शेठ म्हणायचो, कारण भागीदार असूनही मालकासारखं दिसायचं काम तो एकटाच करायचा. मी फुलपाड्याहून यायचे. ग्राहकांचे फोन घ्यायचे आणि त्यांचं रडगाणं ऐकायचं, ही माझी नोकरी. माझी नजर मात्र सगळा वेळ सरांवर.

बारी म्हणजे काय, ते एकदा दुपारच्या चहाला मी विचारलंच.

"आमच्या गावची जमीन खाडीच्या पोटातली," सर म्हणाले. "बांध आहे म्हणून भात होतं. उधान आलं की बांधावर माणूस लागतं. आज या घराची बारी, पुढच्या उधानाला त्या घराची. ज्याची बारी, त्याचा शब्द. तो म्हणेल तिथे चिखल टाकायचा. माझा आजा गावात सगळ्यात मोठा, पण बारी नसेल तर तोपण गपचूप टोपली उचलायचा."

"आणि बारी एखाद्या मूर्खाची असली तर?"

"मग सगळे जरा जास्त जागे राहतात," सर म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

तर ही पद्धत त्यांनी उचलून थेट गाळ्यात आणली होती. उधाण येतं अमावस्येला आणि पौर्णिमेला. म्हणून आमच्याकडेही भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावस्या-पौर्णिमा बघून म्होरक्या बदलायचा. मधले दिवस बारी एकाचीच, तरी सर रोज सकाळी विचारायचेच. शेठ वैतागायचा. म्हणायचा, "अरे, हे बाहेर बोलू नकोस. लोकांना वाटेल कंपनी ज्योतिषी चालवतो." परवा माझ्या भाच्याने सांगितलं की त्याच्या मोठ्या कंपनीत दर पंधरवड्याला कामाची नवी मांडणी करतात आणि त्याचं शिक्षण द्यायला परदेशातून माणूस येतो. मला आमचं भिंतीवरचं कॅलेंडर आठवलं.

माझीही बारी आली होती. मला प्रोग्रॅमिंगचा एक शब्द येत नव्हता. घाबरत घाबरत मी सरांना म्हटलं, "तुम्ही कामणला जा. गोदामातला कारकून रोज फोनवर म्हणतो, बटण सापडत नाही. तो स्क्रीनवर कुठे बघतो ते एकदा बघून या." सरांनी स्कूटर काढली आणि गेले. ते जातील असं मला खरंच वाटलं नव्हतं. परत आल्यावर त्यांनी ते बटण डावीकडून उजवीकडे नेलं आणि माझ्या टेबलाशी येऊन काम झाल्याचं सांगितलं. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःशीच हसत होते.

मूठभर माणसांत हे छान चाललं. मग कामं वाढली. शेजारचा गाळा घेतला, मधली भिंत पाडली, नवी मुलं-मुली आली. कोणी अंधेरीची नोकरी सोडून आलेला, कोणी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला. त्यांना उधाण ठाऊक नाही, अमावस्या ठाऊक नाही. सकाळी येऊन विचारायचे, "आज बॉस कौन है?"

शेवटी व्हायचं ते झालं. कामणच्या गोदामवाल्यांनी एक दुरुस्ती सांगितली होती: जुना माल आधी बाहेर निघाला पाहिजे. ज्याची बारी होती त्याने हो म्हटलं आणि काम सुरू केलं. मध्ये पौर्णिमा आली, बारी बदलली. नव्या माणसाला आधीच्याचं काही ठाऊक नाही. कारकुनाने पुन्हा फोन केला तेव्हा त्यानेही हो म्हटलं आणि तीच दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी केली. दोन्ही दुरुस्त्या एकमेकींना अशा आडव्या आल्या की गेट पास छापायचाच बंद झाला. गोदामाबाहेर रस्त्यावर ट्रकांची रांग लागली, आणि तिथल्या मालकाचा फोन माझ्याकडे आला.

"तुमच्यात मोठा कोण आहे? त्याला द्या."

ज्याची बारी होती तो चुलतबहिणीच्या हळदीला गेलेला. फोन या हातातून त्या हातात फिरत सरांकडे पोचला. सर नम्रपणे म्हणाले, "आमच्यात मोठं असं कोणी नाही."

"मग लहान कोण आहे, ते तरी सांगा," मालक पलीकडून म्हणाले. आवाज एवढा मोठा होता की मला टेबलावरून ऐकू आलं.

गेट पास त्याच संध्याकाळी सुरू झाला, पण शेठ काही शांत झाला नाही. तो सरांना म्हणाला, "अरे, लोकांना एक तोंड लागतं. आपली माणसं कोणाच्या हाताखाली आहेत ते त्यांनाच कळत नाही. एक माणूस नेम. नाहीतर हे ग्राहक जाणार आणि ही पोरंही जाणार." सर कायमचे प्रमुख झाले, कारण दुसरं नाव कोणालाच सुचलं नाही. प्लायवूडची केबिनही झाली.

आणि तिथे या माणसाचे हाल सुरू झाले. केबिनबाहेर लोक उभे राहायला लागले. सरांना नाही म्हणता येत नव्हतं. एखादा अडला की ते म्हणायचे, "ठेव इकडे, मी बघतो." सगळ्यांचं काम त्यांच्या टेबलावर, आणि बाकीचे हात बांधून. त्यांचं हसणं गेलं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एकदा चहा घेऊन गेले तेव्हा ते म्हणाले, "हे मी धरून बसलो तर कंपनी माझ्या दोन हातांएवढीच राहील. सोडली तर फुटेल काय, ते कळत नाय." एवढंच बोलले, पण ही कंपनी म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य होतं. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर सरांना एक नवाच नाद लागला. ते लोकांच्या पायांकडे बघू लागले. संध्याकाळी मला विचारायचे, "आज कोण कोणाच्या टेबलाशी गेलं?" मलाही असल्या गोष्टींची आवड, मी इत्थंभूत सांगायचे. लोडशेडिंग तर त्यांना पर्वणीच. लाइट गेली की सगळे गॅलरीत यायचे आणि सर कोपऱ्यात उभे राहून बघत बसायचे. "अंधारात माणूस ज्याच्याशेजारी उभा राहतो, तो त्याचा खरा म्होरक्या," असं ते म्हणायचे.

सगळे उभे राहायचे ते वंदनाशेजारी. वंदना विरारची, घर मूळचं साताऱ्याकडचं. वयाने बऱ्याच जणांहून लहान आणि जिभेची तिखट. लाइट नसतानाही तिच्या घोळक्यात कामाचंच बोलणं चालायचं, आणि मधेच कोणाची तरी खरडपट्टी. ती कोणाचंही काम स्वतःकडे घ्यायची नाही. "तुझं तू कर, अडलास की ये," एवढंच. सरांनी तिला प्रमुख केलं. दोन जुने लोक महिनाभर गाल फुगवून बसले, मग तेही तिच्या टेबलाशी जायला लागले. केबिन तिला दिली आणि सर खिडकीजवळ सगळ्यांच्यात येऊन बसले. त्यांचा चेहरा पुन्हा उजळला.

तुम्हाला वाटेल, झालं, मिटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

एका दुपारी वंदना खिडकीशी आली. मी शेजारीच होते.

"सर, एक बोलू? रागावू नका."

"बोल."

"मिटिंगमध्ये मी काही विचारलं की सगळे आधी तुमच्याकडे बघतात. तुम्ही मान हलवली की मग मला उत्तर मिळतं."

"मग मी मान नाय हलवत."

"नाही हलवली तरी बघतात, सर."

सरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "तुझं काय म्हणणं आहे?"

वंदनाचे डोळे भरले होते, पण ती मागे हटली नाही. "तुम्ही इथे बसू नका," ती म्हणाली.

ज्या माणसाने हे सगळं उभं केलं त्यालाच ही बाहेर काढत होती, आणि तिचं चुकतंय असंही मला म्हणता येत नव्हतं. सर उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं करून हात मागे घेतला आणि म्हणाले, "बरोबर आहे. हे मला आधी कळायला पाहिजे होतं."

नंतर त्यांनी नंदाखालला एका मित्राच्या केळीच्या वाडीत खोली घेतली आणि तिथे एकट्याने प्रोग्रॅम लिहायला लागले. भागीदारी तशीच राहिली. शेठ जाऊन भेटून यायचा, येताना आमच्यासाठी केळी आणायचा. वंदनाला काही विचारायचं असेल तर ती फोनवर विचारायची, ते सांगायचे. पण गाळ्यात ते पुन्हा कामाला बसले नाहीत. दसऱ्याच्या पूजेला यायचे, प्रसाद घ्यायचे आणि कोणी काही विचारायच्या आत निघायचे.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्यांच्याविना पहिला सोमवार. मिटिंग भरली होती. वंदनाने विचारलं, "कामणचं नवीन काम कोण घेतंय?"

आमच्या सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. माझीही वळली. तिथे कोणी नव्हतं. वंदना थांबली. एकेक मान हळूहळू परत आली. मग कोणीतरी म्हणालं, "मी घेतो."

तो तिच्याकडे बघून बोलला होता.