अकरा ओंकारांनंतर

बाई गेल्या तेव्हा आम्ही नऊ जण त्यांच्यासमोर डोळे मिटून बसलो होतो.

आणि आम्हाला कळलं नाही.

मालतीबाई. मूळच्या रत्नागिरीकडच्या, इथे सिल्वासात सरकारी शाळेतून रिटायर झालेल्या. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रोज सकाळी सहाला योगाचा क्लास घ्यायच्या.

सुरुवात अकरा ओंकारांनी.

जवळच्या सायली गावातल्या कंपनीत काम करणारे, धुळ्याकडचे भिकन पाटील पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, ओम बोलून भेटतं काय? डायरेक्ट आसनं चालू करा ना."

"काही भेटत नाही हो पाटील. श्वास लांबतो. आणि शेजारच्याचा आवाज ऐकू यायला लागतो. तुमचा ओम सध्या कंपनीचा भोंगा आहे."

पाटील सगळ्यांत मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवशी आवाज निम्म्यावर.

बाई मध्येच गप्प व्हायच्या आणि आमचं ऐकायच्या. नंतर एकेकाला सांगायच्या.

"देसाई, रात्री झोप नाही."

"पाटील, घरी भांडून आलात."

कधी चुकल्या नाहीत. मला त्याची थोडी भीतीच वाटायची.

"ओम संपल्यावर जे उरतं ते ऐकायचं," म्हणायच्या. "त्यासाठीच तर म्हणायचं. आणि मी 'हं' म्हणेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत."

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी अकरा झाले. 'हं' आलं नाही.

वाटलं, ऐकतायत. आम्ही बारावा घेतला. तेरावा घेतला. पुढे मी मोजणं सोडलं.

थंडीचे दिवस, पंखे बंद. आम्ही सगळे एकदम श्वास घ्यायला थांबलो की मागे एक बारीक 'म्' चालू असायचा. न तुटता.

मी अगदी पुढे बसायचो. आवाज बाईंच्या बाजूने येत होता. मनात म्हटलं, या वयात काय दम आहे बाईंचा.

तो थांबला तेव्हा मी डोळे उघडले. साडेसहा वाजत आले होते.

बाई भिंतीला टेकून बसलेल्या. मान किंचित कलंडलेली. हात धरला. गार.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "सव्वासहाच्या आतच गेल्यात."

मी पाटलांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनीही तो 'म्' ऐकला होता.

बाईंची मुलगी मुग्धा पुण्याहून आली. पहिलाच प्रश्न, "काका, तुम्हाला कळलं कधी?"

"लगेच," मी म्हणालो.

खोटं. आयुष्यभर बातम्या लिहिल्या, वेळ कधी चुकीची छापू दिली नाही. तिला मात्र चुकीची सांगितली.

अकराव्यानंतर कोणी डोळे उघडले असते तर बाई वाचल्या असत्या का? हे डॉक्टरांना विचारायची हिंमत मला झाली नाही. अजून झालेली नाही.

वर्षभर क्लासमध्ये कोणी ओम म्हटलं नाही. सरळ आसनं.

काल मुग्धाला फोन केला. खरं ते सांगितलं. तो आवाजही सांगितला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रागावू की काय करू, मला कळत नाहीये काका. पण उद्या ओम म्हणा तुम्ही. डोळे उघडे ठेवून. कोणीतरी तिच्याकडे बघत असू दे."

आज म्हटलं. नऊ जण, समोर रिकामी भिंत.

अकरावा संपला. मी प्रत्येकाचं तोंड पाहिलं. सगळी मिटलेली.

पाटील हळूच म्हणाले, "भाऊ, अजून चालूच आहे ना?"

चालू होतं.

कोणी उठलं नाही. कोणी नजर हलवली नाही. आवाज बारीक होत होत गेला, आणि मग हॉलमध्ये फक्त आम्ही उरलो.

मुग्धाला मेसेज केला, 'बघत होतो.'

बाई, आमचं चुकलं.

आता निघा तुम्ही. सावकाश जा.