पत्र्याखालच्या अळ्या

देवळेकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते तुडीलला, सावित्रीच्या काठी, गुडघाभर चिखलात. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. पँट वर दुमडलेली, हातात पिठाची चाळण आणि चाळणीत वळवळणाऱ्या लालभडक अळ्या. मी बी.एस्सी. होऊन घरीच बसले होते. आई धुणं आपटता आपटता म्हणाली, "गो, लोकं नदीत मासं धरतात, आन् हा बाबा किडं धरतोय. डोक्यानं बरा हाय ना?" सरांनी ते ऐकलं. "नाय मावशी, फारसा बरा नाय," असं म्हणून ते स्वतःच हसले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "या कशाच्या अळ्या, सांगता येईल?" मी म्हटलं, "डासासारखी दिसणारी पण न चावणारी माशी असते, तिच्या." "मग इथं काय करताय? कॉलेजात या. डेमॉन्स्ट्रेटरची जागा रिकामी आहे." महाडच्या कॉलेजात मी अशी आले, आणि अजून तिथंच आहे.

सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त चार चांगले शब्द लिहा, असा गौरवसमितीचा निरोप आला. चांगले शब्द मला पुष्कळ येतात. पण सरांची साठी आली आणि सरांचं काम मातीत गेलं, या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत. कोणाला हे रुचलं नाही तर माझा इलाज नाही.

सरांचं काम थोडक्यात सांगते. या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं इतकी जाड, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावरच्या पट्ट्या दिसतात. जिथं काम जोरात चालू, तिथं गुणसूत्र फुगलेलं असतं. अळी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवली, की नेहमीचे फुगे बसतात आणि भलत्याच जागी नवे उठतात. म्हणजे पेशी रोजची कामं टाकते आणि स्वतःला सावरणारी प्रथिनं तेवढी करत सुटते. वर्गात सर सांगायचे, "घरात पुराचं पाणी शिरलं की कोणी भाकऱ्या थापत बसतं का रे? तांदळाचे डबे आधी माळ्यावर चढवतात. पेशीचं तेच." महाडच्या पोरांना याहून जास्त समजवावं लागत नसे.

पुरावरून आठवलं. पावसाळ्यात तुडीलची वाट बंद झाली की मी महाडात अडकून पडायची. आमच्या बौद्धवाडीतल्या मुलीला बाजारपेठेत खोली द्यायची म्हटली, की तेव्हा भल्याभल्यांच्या घरात अचानक पाहुणे यायचे असत. सरांनी घरी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, सांगितलं, आणि काकूंनी मला दम भरला, "पाणी चढलं की विचारत बसायचं नाही, सरळ घरी यायचं. डबा बांधून वाट बघायला मी मोकळी नाही." त्यांच्या चुलीशेजारी माझं अंथरूण असायचं. तेव्हा मी आभार मानले नाहीत. आज मानते.

मार्चात चवदार तळ्यावर माणसं जमायची त्या दिवशी सर प्रात्यक्षिक परीक्षा ठेवू देत नसत. प्राचार्य एकदा चिडून म्हणाले, "विज्ञानाला कसली आलीय जयंती आणि मेळावा?" सर म्हणाले, "विज्ञानाला नाही, विद्यार्थ्यांना आहे." परीक्षा पुढे ढकलली गेली.

आता मूळ दुखणं. प्रयोगशाळा एकच. वर्षभर तिथं मुलांची प्रात्यक्षिकं, म्हणून सरांचं संशोधन काय ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. वर पत्रा, खाली आम्ही दोघं घामानं निथळत. एका तसराळ्यात तापवलेल्या अळ्या, दुसऱ्यात न तापवलेल्या. थर्मामीटर एकच, तो तापवायच्या पाण्यात. दुसऱ्या तसराळ्यापुढं लिहायचं, 'खोलीचं तापमान'. पुस्तकांत तसंच लिहितात. पुस्तकातली खोली थंड देशातली असते, हे काही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि दर सुट्टीत एकच नवल! न तापवलेल्या अळ्यांतही तापवलेल्यांतला एक फुगा उठलेला. बाहेरच्या कुठल्याही शोधनिबंधात तसं नव्हतं. सरांनी ताडून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि मांडलं की सावित्रीची अळी जातीचीच वेगळी, ती संकटाला आधीपासून तयार असते. मार्गदर्शक खूश झाले. प्रबंध टाइप होऊन, बांधून विद्यापीठात गेला. काकूंनी शिरा केला. निवृत्तीआधी डॉक्टरेट हातात पडावी, ही सरांची एकुलती एक हौस होती. ती पुरी झाल्यातच जमा होती.

त्याच मे महिन्यात सरांच्या भाचीचं लग्न निघालं, आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या वाडीत. सर मूळचे तिकडचेच. उरलेल्या अळ्या मागे ठेवल्या तर मरतील, म्हणून सरांनी बरणी एस.टी.त मांडीवर घेतली. घाटातला गारवा, बहिणीच्या घराची मातीची भिंत. लग्नाच्या सकाळी वऱ्हाड जेवायला बसेपर्यंत सरांनी काही अळ्या तिथंच अल्कोहोल आणि ॲसिडच्या मिश्रणात टाकल्या. अळी त्यात जशी असते तशीच थिजते. महाडला येऊन आम्ही काचपट्ट्या केल्या.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि बाजूला झाले. "बघ." मी पाहिलं. नेहमीचे फुगे जागच्या जागी होते. आमचा तो फुगा नव्हता. एकाही काचपट्टीवर नव्हता. सरांनी थर्मामीटर काढून दुसऱ्या तसराळ्यात घातला, पारा चढताना बघत राहिले. "न तापवलेल्या कसल्या गो," ते म्हणाले, "ह्या पण तापलेल्याच. आपण भट्टीत बसलोय."

स्टाफरूममध्ये जो तो शहाणपण सांगू लागला. "अहो देवळेकर, परीक्षक लांब बसलेत, त्यांना काय कळतंय तुमचा पत्रा तापतो ते?" सर म्हणाले, "मला कळलंय ना." पुढच्याच एस.टी.ने विद्यापीठात जाऊन त्यांनी प्रबंध मागे घेतला. त्या दिवशी मला सरांचा राग आला होता. पत्र्याचा जास्त आला होता.

मग सरांनी संस्थेकडे तळमजल्याची उत्तरेकडची खोली मागितली. तिथं ऊन येत नाही. खोली मिळाली नाही, कारण तिथं समारंभाच्या खुर्च्या ठेवतात. सर दरवर्षी मागत राहिले आणि खुर्च्या दरवर्षी गारव्यात राहिल्या. दिवाळीच्या सुट्टीत सर बहिणीकडे जाऊन पहिल्यापासून सगळं करू लागले. थोडं झालं, आणि डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेची नजर आधीच गेली होती, सरांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आता समोरचंही धुरकट दिसतं.

हल्ली मी त्यांना वाचून दाखवते. उष्णतेनं जागी होणारी ही प्रथिनं आता माशीत, जिवाणूत, यीस्टमध्ये, माणसाच्या पेशीतसुद्धा सापडली आहेत. जगभर तेच चाललंय. परवा एका लेखात होतं, की पेशीनं आधी थोडा ताप सोसला असेल तर पुढचा मोठा ताप ती सोसते. सरांना बरं वाटेल म्हणून मी ते मुद्दाम दोनदा वाचलं.

"किती वेळ सोसते?" सरांनी विचारलं.

"काही तास, सर."

"आणि ताप हटलाच नाय तर?"

मी लेख मिटून ठेवला. सर म्हणाले, "तापवणं कोणालाही जमतं गो. थंड ठेवणं जमलं नाय आपल्याला." काकू आतून म्हणाल्या, "चहा निवतोय हो," आणि तो विषय तिथंच राहिला. माझ्या मनात तो अजून राहिलेला आहे. सरांच्या जागी आता मी शिकवते. पत्रा तोच आहे, सुट्टीही तीच.

गौरवसमारंभ मे महिन्यात, कॉलेजच्या सभागृहात, दुपारी चारला ठेवल्याचं पत्रिकेत वाचलं. त्यासाठी खुर्च्या त्या खोलीतून बाहेर निघतील. समितीला माझी हात जोडून विनंती आहे, हारतुरे झाल्यावर त्या परत आत ठेवू नका. ठेवतीलच, मला ठाऊक आहे. तरी छापील असू दे.

अशा वेळी शंभर वर्षं मागायची असतात. मला धीर होत नाही. ऊन तसंच राहणार असेल तर वर्षं वाढवून मागण्यात सरांचं कसलं भलं? म्हणून सर, तुमची जेवढी वर्षं असतील तेवढी निरोगी आणि सावलीत जावोत. आणि त्यातली एक सकाळ तळमजल्याच्या त्या खोलीत जावो. डोळा मी लावीन, तुम्ही फक्त शेजारी बसा, न तापवलेल्या तसराळ्यात थर्मामीटर धरून.