‘माइट’च्या जागी ‘मस्ट’

हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात, फिल्म धुवायच्या खोलीला लागून, एका बाईंचं टेबल होतं. डॉक्टर टेपवर बोलून ठेवत आणि या बाई कानाला इअरफोन लावून त्याचे रिपोर्ट टाइप करत. सगळे त्यांना टायपिस्टबाई म्हणत. हाताला भलता वेग होता, इंग्रजी मात्र शाळेत शिकल्या तेवढंच. आजारांची लांबलचक नावं कधी चुकायची नाहीत. अधल्यामधल्या बारक्या शब्दांकडे मात्र त्यांनी कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

एके दिवशी सकाळी खिडकीशी एका शिंप्याची बायको आली. हातातला कागद घामाने मऊ झाला होता.

“ताई, यात गाठ नक्की आहे असंच लिहिलंय ना? जावयांनी वाचून दाखवलं. तेव्हापासून आमच्या यांनी मशीनला हात लावला नाही. लोकांचे कपडे अर्धवट शिवलेले तसेच परत करतायत.”

बाईंनी रिपोर्ट पाहिला. फुफ्फुसातल्या डागापुढे लिहिलं होतं ‘मस्ट बी’, म्हणजे गाठच असणार. टेप अजून पुसलेली नव्हती. त्यांनी ती तीनदा ऐकली. खरखर होती, पण शब्द होता ‘माइट बी’. गाठ असूही शकेल, एवढंच.

नवा कागद टाइप करून गुपचूप देता आला असता, कोणाला पत्ताही लागला नसता. कागद मशीनमध्ये घालूनही झाला. मग त्या उठल्या आणि जुना रिपोर्ट घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

डॉक्टर आधी तडकले. मग त्यांनी रिपोर्ट खाली सहीपर्यंत वाचला. “न वाचता सही मी केली,” ते म्हणाले. “दोघांचंही चुकलं.”

दुपारी सुट्टी टाकून बाई स्वतः शिंप्याच्या दुकानात गेल्या. तो बंद मशीनवर कोपर टेकून बसला होता. त्यांनी सगळं सांगितलं.

“म्हणजे गाठ नाही?”

“तसं नाही म्हणता येणार. असेल किंवा नसेल. डॉक्टरांनाच अजून माहीत नाही. पुढची तपासणी करायला हवी.”

“मग तुम्ही आलात कशाला?”

“नक्की आहे असं धरून बसला होतात, म्हणून.”

दुसऱ्या दिवशी तो तपासणीला आला. तो डाग कधीकाळच्या आजाराचा व्रण निघाला. त्याच्या बायकोने बाईंचे दोन्ही हात धरले. तो मात्र म्हणाला, “माझे पाच दिवस गेले, बाई.”

त्या रविवारी बाई भावाकडे गेल्या. भाची शाळेत इंग्रजी शिकवायची. “मला हे बारके शब्द शिकव,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. “बघ आत्या,” भाची हसली, “बाबा आत्ताच अंघोळीला गेलेत, तेव्हा ते बाहेर असणं शक्यच नाही. तिथे ‘कान्ट’. शेजारच्या काकू असतील कदाचित, तिथे ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’. आणि आता लागोपाठ दोनदा वाजली ना? तशी दादाच वाजवतो, म्हणजे दादाच असणार. तिथे ‘मस्ट’. बोलणाऱ्याला किती खात्री आहे, ते हे शब्द सांगतात.”

दार उघडलं तर इस्त्रीवाला.

“आता?” बाईंनी विचारलं.

“मी चुकले, दुसरं काय!”

दोघी खूप हसल्या. मग बाईंनी वही काढली आणि संध्याकाळपर्यंत वाक्यं लिहीत बसल्या.

पुढे टेपवर असा शब्द आला की त्या थांबायच्या, मागे नेऊन पुन्हा ऐकायच्या. तरी शंका राहिली तर सरळ डॉक्टरांच्या दारात. “माइट की मस्ट, सर?” सुरुवातीला डॉक्टर वैतागायचे. मग तेवढा शब्द ते टेपवर दोनदा म्हणू लागले.