नाकाखाली धरलेलं बोट

आमच्या घरात दुपारी कुणाला निवांत झोप लागली, असं कधी झालं नाही. डोळा लागायचा अवकाश, की नाकाखाली एक बोट यायचं. त्याला हळदीचा, नाहीतर लोणच्याचा वास असायचा. आमची आत्या, जिला सगळं घर आक्का म्हणे, झोपलेल्या माणसाचा श्वास चालू आहे ना, ते बघायची. पाहुणा असो की जावई, सुटका नाही. एक नवा जावई तर दचकून उठला आणि संध्याकाळच्याच गाडीनं परत जातो म्हणाला.

माझे वडील, बापू, तिचे धाकटे भाऊ. त्यांच्या नाकाखाली ते बोट दुपारभरात कितीदा तरी यायचं. ते डोळेही उघडत नसत. नुसते पुटपुटायचे, "हाय अजून, आक्का." मग ती पदराला हात पुशीत आपल्या कामाला लागायची.

तिची दुसरी तऱ्हा दाराची. नवरा लवकर गेल्यावर ती आमच्याकडेच राहिली. आधी उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या घरात, पुढं पुंडलिकनगरच्या स्वतःच्या घरात, पण तिच्या खोलीचं दार काही कधी लागलं नाही. थंडीत वारं यायचं, मांजरं यायची. कुणी चुकून लोटलं की आतून आवाज, "कामून लावलं रे दार? जीव गुदमरतो माझा!" आम्ही पोरं हसायचो. उस्मानपुऱ्यातली शेजारीण खाला मात्र हसायची नाही. एकदा ती म्हणाली, "मेरे कू भी बंद कमरे में नींद नहीं आती, बाई. पोलीस ॲक्शन के बाद हम लोगां खेतां में छुपे थे ना." आक्का नुसतंच "व्हय?" म्हणाली आणि पानाचा डबा तिच्यापुढं सरकवला. मग दोघी ओट्यावर गवार मोडत बसून राहिल्या.

आक्काला ऐन तिशीत रक्तदाब जडला. छातीत धडधड, पित्त, डोकेदुखी सदाचीच. झोप म्हणजे काय ते तिला ठाऊकच नव्हतं. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. घरानं सगळं खापर तिच्या लोणच्यावर फोडलं. ती ते चोरून खायची, हेही खरं.

साठी उलटल्यावर एक दिवस बोलता बोलता तिचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला. हात हळूहळू सुधारला, पण मेंदूचा फोटो निघाल्याशिवाय पुढचे उपचार ठरेनात, आणि दुसरा झटका आला तर खैर नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फोटोचं ते मशीन बोगद्यासारखं. आक्काला आत सरकवली मात्र, तिनं किंकाळी फोडली. "पेवात नाय जायची मी! बापू मरंल!" बाहेर बाकावर बसलेल्या बापूंनी मान खाली घातली.

मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, ते आम्हीही पहिल्यांदाच ऐकत होतो. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या आधीचे, रझाकारीचे दिवस. खुलताबादकडच्या आमच्या गावात धाड आल्याची हाकाटी झाली, तेव्हा आजोबांनी दोन्ही पोरांना रिकाम्या पेवात उतरवलं. धान्य साठवायचा तो जमिनीतला खोल खड्डा, तोंड एवढंसं. वर शिळा, शिळेवर कडबा. अंधारात बापू रडायला लागले. तेव्हा ते जेमतेम बोलायला शिकलेले, आणि आक्का परकरी पोर. आवाज वर जाऊ नये म्हणून तिनं त्यांचं तोंड दाबून धरलं. शिळा निघाली तेव्हा बापू निपचित पडलेले. आजीनं पाणी मारलं, पाठ चोळली, नाकाखाली बोट धरलं. श्वास होता.

"मला यातलं काय आठवणार? आई सांगायची," बापू म्हणाले. पोरं वाचली म्हणून नारळ फुटला आणि विषय मिटला. आक्काला कुणी रागावलं नाही, पण कुणी जवळही घेतलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्या लहानपणी एवढी दहशत बसली, की शरीर पहारा सोडत नाही. तोच पुढं रक्तदाबात, काळजात उतरू शकतो. सगळं त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. पण नुसतं लोणच्यानंही नाही."

"मंग खाऊ का लोणचं?" आक्कानं लगेच विचारलं. मला हसू आलं आणि त्याच वेळी भडभडूनही आलं.

दुसऱ्या खेपेला बापूंना आत उभं राहू दिलं. घड्याळ, अंगठी, चांदीचा करगोटा, सगळं उतरवून ते तिच्या पायाशी उभे राहिले आणि तिच्या पायाचा अंगठा धरला. मशीन धडाडत होतं. आक्का हलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "आंगठा दाबीत व्हता सारखा. म्हणलं, हाय अजून."

उपचार नेमके ठरले आणि आम्हाला ती आणखी काही वर्षं मिळाली. त्या वर्षांत आक्का दुपारची झोपायला शिकली. दार उघडंच, आणि उशाशी पेपर वाचत बापू. अशाच एका दुपारी चहाची वेळ टळली तरी ती उठली नाही. बापूंना बोट धरायचा धीर होईना. ते मी धरलं.

त्यानंतर बापूंची दुपारची झोप गेली. आडवे व्हायचे, डोळे मिटायचे, कूस बदलत राहायचे. घराला आता कुणाचाच त्रास नव्हता आणि आम्हा सगळ्यांना तो हवा होता. परवा मी स्वयंपाकघरातून हात पुशीत आले आणि त्यांच्या नाकाखाली हळूच बोट धरलं.

"हाय अजून, आक्का," ते डोळे न उघडता म्हणाले, आणि थोड्या वेळानं चक्क घोरायला लागले.